अंतराळगाथेतली नावं: आधी विभक्ती लावून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मराठीत स्पेस ऑपेरा लिहिताय, तीन सत्ता, दोनशे वर्षांचं वैर, जहाजांचे ताफे. नावं सुचतात ती 'क्रेल्थॉन', 'झारॉक्स' अशी, आणि वाचून दाखवली की ऐकणारा हसतो. संस्कृतकडे वळलात तर 'वज्रास्त्र', 'पुष्पकराज' येतात आणि पौराणिक मालिकेचा सेट डोळ्यांसमोर उभा राहतो. राजकन्येचं 'झारा' तेवढं तुम्ही पक्कं केलंय. यातला मधला रस्ता कोणता?

हसू येतं ते नाव परकं आहे म्हणून नव्हे. लंडन, टोकियो, ओबामा ही परकीच नावं, त्यांना कुणी हसत नाही. (झारॉक्सला हसतात कारण त्या नावाचं दुकान प्रत्येक कॉलेजसमोर असतं.) खरी अडचण वेगळी आहे. मराठी वाक्यात नाव एकटं येत नाही. त्याला ला, ने, चा, वर, हून चिकटतात आणि क्रियापद त्याचं लिंग विचारतं. तुम्ही नावं यादीत पाहून निवडताय, वाचकाला ती वाक्यात भेटणार आहेत.

काही गोष्टी तुमच्या कथेवर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. तुमची माणसं पृथ्वीवरून गेलेल्यांचे वंशज असतील तर नावं पृथ्वीचीच, पण झिजलेली हवीत. पृथ्वीशी कधी संबंधच आला नसेल तर नावं बनवावी लागतील, आणि 'सेनापती', 'बंदर' हे शब्द म्हणजे निवेदकानं आपल्यासाठी केलेलं भाषांतर, असं धरावं लागेल. दोन्ही प्रकार एका कादंबरीत चालतात, पण कुठली सत्ता कुठल्या प्रकारात ते पहिलं प्रकरण लिहिण्याआधी ठरवा. विनोदी लिहीत असाल तर पुढचे अर्धे नियम उलटे वापरा.

आता विभक्ती. समजा स्थानकाचं नाव 'तोरे' ठेवलंत. पहिल्या पानावर ठीक दिसतं. तिसऱ्या पानावर 'ताफा तोऱ्याला पोचला', सातव्यावर 'तोऱ्यात बंड झालं'. तोरा म्हणजे ऐट. बंड त्या स्थानकात झालं की ऐटीत झालं, हे वाचकानं कसं ओळखायचं? पुणे-पुण्याला, ठाणे-ठाण्यात हे आपल्या जिभेला लहानपणापासून पाठ आहे. नव्या नावाला ती सवलत मिळत नाही. सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययाआधीचं नावाचं रूप, बदललं की वाचकाला तो दुसराच शब्द वाटतो. आकारान्त नावाची गंमत वेगळी. 'वेदारा' पुल्लिंगी मानलं तर साताऱ्यासारखं 'वेदाऱ्याला', स्त्रीलिंगी मानलं तर अमेरिकेसारखं 'वेदारेला', आणि काहीच न ठरवता लिहीत गेलात तर 'वेदाराला'. एकाच हस्तलिखितात ही तिन्ही रूपं सर्रास सापडतात.

म्हणून ग्रह, शहर आणि स्थानक यांसाठी मी व्यंजनान्त नावं आधी बघतो: शेवटी न, ण, ल किंवा र, आणि त्याच्या आधी आ किंवा ओ. लंडनला, लंडनहून, लंडनचा. मूळ नाव प्रत्येक रूपात दिसत राहतं. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरात ई किंवा ऊ असेल तर नागपूर-नागपुरात, वेरूळ-वेरुळात या नियमानं ते ऱ्हस्व होतं. 'ताहूर' ठेवलंत तर 'ताहुरात' लिहावं लागेल. हे चुकीचं नाही, फक्त आधी ठरवून टाका. आणखी एक: ग्रहाला 'वर' लागतं, स्थानकाला 'त' किंवा 'मध्ये'. आपण मंगळावर जातो, मंगळात जात नाही. त्यामुळे ग्रहाचं नाव 'वर' लावून आणि स्थानकाचं 'त' लावून तपासा. माणसांच्या नावांना आज सामान्यरूपाचा त्रास कमी आहे, समीरला, राजूला, मीराला असंच आपण बोलतो.

उच्चारात तीन खड्डे आहेत. पहिला च, ज, झ यांचा. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च वेगळे, लिपीत मात्र एकच अक्षर. ओळखीच्या शब्दात आपण आपोआप बरोबर वाचतो. 'चारोन' असं नवं नाव दिसलं की अर्धे वाचक एक च वाचतील, अर्धे दुसरा. पुढे इ, ई किंवा य जोडला की प्रश्न मिटतो. दुसरा खड्डा मधल्या अकाराचा. 'समरन' हे सम-रन की स-मरन? तीन-चार अक्षरं काना-मात्रेशिवाय ओळीनं आली की वाचक आपापल्या जागी तोडतो. एखादी मात्रा द्या: 'समीरन', 'सामरेन'. तिसरा खड्डा इंग्रजी पुस्तकांतून आलेल्या उलट्या स्वल्पविरामाचा. 'क'थार' देवनागरीत छापखान्याची चूक वाटते, आणि त्याऐवजी अवग्रह घातलात तर 'कऽथार' म्हणजे कुणीतरी हाक मारतंय असं वाटतं. सरळ 'कथार' लिहा.

डोळ्यांचाही विचार करा, कारण बरेच वाचक मोबाईलवर वाचतात. घ आणि ध, भ आणि म, ख आणि 'रव' लहान अक्षरात एकमेकांत मिसळतात. 'धारेन' आणि 'घारेन' एकाच युद्धात समोरासमोर आणू नका. 'तारा, कारा, मारा' या साच्यातली दोन नावंही एका प्रसंगात नकोत. आद्याक्षर वेगळं असून उपयोग नाही, काना-मात्रेचा आराखडाच वेगळा हवा.

आता एक सत्ता घेऊन नावं प्रत्यक्ष बनवू. ध्वनींचा साठा मुद्दाम लहान ठेवायचा: त, न, म, ल, व, र, स, ह एवढी व्यंजनं, आ, ई, ओ एवढे स्वर, साचा दोन अक्षरं आणि शेवटी न किंवा ल. साठा लहान असला की नावं एका घरातली वाटतात आणि वाचक न सांगता ओळखतो की हा माणूस कुठल्या बाजूचा. यातून दहा काढली: सोवान, लामील, तोहान, मीरोल, हावीन, नारोल, वासान, रोहीन, तामोल, लीसान. आता मोठ्यानं वाचायची. 'नारोल'मध्ये नारळ दिसतो, गेलं. 'वासान'ला 'ने' लावलं की कसला तरी वास आला असं वाटतं, गेलं. 'रोहीन' म्हणजे रोहिणीची टंकनचूक. 'मीरोल' मुंबईच्या वाचकाला थेट मरोळ नाक्यावर नेतं. 'हावीन'मध्ये हाव आहे; लोभी सरदार असेल तर ठेवा, नाहीतर काढा. 'सोवान'मागे सोपान ऐकू येतो, पण हा प्रतिध्वनी चांगला आहे, संयमी म्हाताऱ्याला शोभेल. दहातून पाच-सहा उरली. साधारण हेच प्रमाण धरून चाला. तीस हवी असतील तर साठ बनवा, आणि ठेवायची ती तीस एका बैठकीत ठरवू नका. दुसऱ्या दिवशी न बघता जी आठवतात तीच खरी.

दुसऱ्या सत्तेचा साठा पहिल्याशी कमीत कमी जुळणारा घ्या: क, ग, ड, ट, झ, श, स्वर ए, ऊ, शेवट ई किंवा ऊ. इथे शुद्धलेखन आठवा. मराठीत शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ असतो, त्यामुळे 'केशु'पेक्षा 'केशू' डोळ्याला बरोबर वाटेल. मात्र 'झ' आणि 'ट'कार ठासून भरले की दुष्ट जमात झाली, हा फार जुना आळस आहे. कर्णकटू नावांच्या लोकांना एखादं नाजूक काम द्या, बागा करू द्या, मग बघा.

जहाजाकडे वळू. इथे पहिला प्रश्न नाव काय हा नसून नाव कुणी ठेवलं हा आहे. आरमार नाव ठेवतं तेव्हा मालिका बनते. भारतीय नौदलाकडेच बघा: तलवार, त्रिशूल, तबर, तेग, तरकश, त्रिकंड; सगळी शस्त्रं आणि सगळी 'त'ची. गोदावरी, गंगा, गोमती या नद्या 'ग'च्या. शिवालिक, सातपुडा, सह्याद्री डोंगररांगा. पाणबुडीचं 'खांदेरी' हे नाव किल्ल्यावरून आलेलं. शिवाय नावं पुन्हा वापरली जातात: पहिली विक्रांत १९६१ मध्ये सेवेत आली, १९९७ मध्ये निवृत्त झाली, आणि त्याच नावाची नवी विमानवाहू नौका २०२२ मध्ये सेवेत आली. कादंबरीत एवढं एक वाक्य, 'ही तिसरी सोवान, पहिल्या दोन बुडाल्या', अर्ध्या प्रकरणाचा इतिहास सांगून जातं. फक्त एकाच अक्षराची मालिका खऱ्या नौदलाला परवडते, वाचकाला नाही. अशा मालिकेतलं एकच जहाज पुढे ठेवा, बाकीची ओझरती येऊ द्या.

मालक नाव ठेवतो तेव्हा गोष्ट वेगळी. कोकणच्या कुठल्याही जेटीवर उभं राहा. मासेमारीच्या बोटींवर देव, आई, लेक यांची नावं दिसतील, आणि शेजारी नोंदणी क्रमांक रंगवलेला. तुमच्या लघुग्रहांच्या पट्ट्यातला खाणवाला आपल्या जहाजाला 'वज्रास्त्र' म्हणणार नाही, तो 'आईची कृपा' म्हणेल. मोठी वाहतूक कंपनी असेल तर रेल्वेसारखी नावं: इंद्रायणी, कोयना, सिंहगड. प्रवासी ती 'इंद्रायणीनं आलो' अशी वापरतात. तुमच्या जहाजाचं नाव 'नं आलो' लावून बोलता येतं का ते बघा. येत नसेल तर खलाशी त्याचं लघुरूप करतील, ते लघुरूपही तुम्हीच ठरवा. पाच अक्षरी 'पुष्पकराज' चकमकीत बिनतारी यंत्रावर कुणी उच्चारणार नाही. 'राज' म्हणतील.

लिंग विसरू नका. जहाज आणि यान नपुंसक, नौका आणि बोट स्त्रीलिंगी. 'विक्रांत दाखल झाली' असं आपण लिहितो कारण मनात युद्धनौका असते. तुमच्या ताफ्यात 'सोवान निघालं' की 'सोवान निघाली' हे एकदा ठरवा आणि दोन सत्तांसाठी वेगळं ठेवा. एक ताफा स्त्रीलिंगी, एक नपुंसक. हे इंग्रजीत इतकं सहज जमत नाही, आपल्याला फुकट मिळालंय. लिंग नसलेल्या परग्रहवासीयांनाही हाच नपुंसक प्रयोग उपयोगी पडतो. 'लामील आलं' सुरुवातीला खटकतं, दहा पानांत रुळतं.

जहाजांचे प्रकार आणि हुद्दे यांसाठी नवे शब्द पाडण्याआधी मराठा आरमाराची यादी काढा. गुराब मोठी, तोफा वाहणारी, गलबत लहान आणि चपळ, शिबाड मालवाहू, मचवा त्याहून छोटा. कान्होजी आंग्र्यांचा किताब सरखेल. खाली दर्यासारंग, तांडेल, नाखवा, खलाशी. 'तीन गुराबा आणि अकरा गलबतं' म्हटलं की कोण मोठं, कोण चपळ हे वेगळं समजवावं लागत नाही. एक सावधगिरी: हे शब्द आपल्याबरोबर एक काळ घेऊन येतात. तीनपैकी एकाच सत्तेला द्या, म्हणजे तिची वेगळी ओळख होईल. तिघांनाही दिलेत तर सगळेच कुलाब्याचे वाटतील.

आडनावं हा मराठीतला खजिना आहे आणि विज्ञानकथेत तो फार कमी उघडला जातो. '-नीस' हा प्रत्यय फारसीतल्या लिहिणारा या अर्थाच्या शब्दावरून आला: फडणीस, चिटणीस, पोतनीस. आधी हुद्दा, मग आडनाव. आता ज्या स्थानकावर श्वासाचा हिशोब ठेवावा लागतो तिथे 'हवानीस' का नसावा? आणि दोनशे वर्षांनी ज्याचा हवेशी काही संबंध उरलेला नाही असा एक वकील हवानीस? वाचकाला त्या स्थानकाचा अख्खा भूतकाळ कळतो. '-कर'ही असंच, पण रूप जपा: चिपळूण-चिपळूणकर, पुणे-पुणेकर, पण सातारा-सातारकर आणि मंगळवेढा-मंगळवेढेकर. शिवाय '-कर' आडनाव बहुधा सोडलेल्या गावाचं असतं. निर्वासितांच्या जहाजावर उजाड ग्रहाचं '-कर' लावणारी माणसं असतील तर त्यांच्या दुःखाबद्दल वेगळं लिहायची गरज कमी होते.

ग्रहांना एकच नाव देऊन थांबू नका. खऱ्या जागेला किमान तीन असतात: नोंदीतलं, राहणाऱ्यांचं आणि जिंकणाऱ्यांचं. तोरण्याचं नाव प्रचंडगड ठेवलं गेलं, पण लोक तोरणाच म्हणत राहिले. कोंढाण्याचं सिंहगड झालं आणि ते मात्र टिकलं. औरंगजेबानं सातारा घेतल्यावर दिलेलं नाव आज इतिहासाच्या पुस्तकातच सापडतं. कुठलं नाव टिकलं आणि कुठलं कागदावर राहिलं, यातून सत्ता कुठवर पोचली होती ते दिसतं. तुमच्या संवादात राज्यपाल एक नाव घेऊ दे आणि हमाल दुसरं, फक्त तिसरं तरी सुरुवातीची पन्नास पानं आणू नका.

जुन्या वसाहतीचं नाव हवं असेल तर ते बनवू नका, झिजवा. प्रतिष्ठानचं पैठण झालं, शूर्पारकचं सोपारा, श्रीस्थानकचं ठाणे. यातली रीत दिसते: सुरुवातीचं जोडाक्षर सुटतं (प्र-चा प), मधली व्यंजनं गळतात, स्वर एकमेकांत मिसळतात (पइ-चा पै), शेपूट तुटते. पहिलं यान जिथे उतरलं त्या जागेला संस्थापकांनी मोठ्या हौसेनं 'प्रथमावतरण' म्हटलं असं धरा. प्र-चा प: 'पथमौतरण'. मधले थ-म गेले: 'पऔतरण'. तीनशे वर्षांनी 'पैतरण'. आता लावून बघा: पैतरणला उतरलो, पैतरणहून निघालो, पैतरणवर बंड, पैतरणकर. कुठेही अडत नाही, आणि संस्कृतची पालखी न नाचवता संस्कृत आत राहिलं. मूळ नाव एकदाच, उतरण्याच्या जागेवरच्या कोनशिलेवर दाखवा.

नावं देण्याचे नियम हवे असतील तर खरे खगोलशास्त्रीय नियम चांगला नमुना आहेत. शुक्रावरच्या जवळजवळ सगळ्या जागांना स्त्रियांची किंवा देवींची नावं आहेत. तिथे आनंदीबाई जोशींच्या नावाचं विवरही आहे. गुरूच्या दूरच्या छोट्या चंद्रांत गुरूच्याच दिशेनं फिरणारे हिमालिया, एलारा, लिसिथिया, म्हणजे नावाचा शेवट 'आ'. उलट दिशेनं फिरणारे अनांके, कार्मे, सिनोपे, म्हणजे रोमन लिपीत शेवटी 'ई' हे अक्षर. नाव ऐकून दिशा कळते. तुमच्या सुकाणू धरणाऱ्याला असा एक संकेत द्या, त्याचं कौशल्य आपोआप दिसेल.

ताऱ्यांची आपली नावं वापरायला सुंदर आहेत: व्याध, स्वाती, चित्रा, अभिजित, मित्र. पण दोन गोष्टी सांभाळा. व्याध आणि अभिजित हे तरुण तारे आहेत, वयं शंभर कोटी वर्षांच्या आतली. पृथ्वीवर प्राणी दिसायला चारशे कोटींच्या आसपास वर्षं लागली. तेव्हा तिथे वसाहत चालेल, प्राचीन स्थानिक संस्कृती चालणार नाही. कुणीतरी जाणकार वाचक पत्र पाठवणारच. दुसरी गोष्ट पुन्हा विभक्तीचीच. 'ताफा चित्राकडे निघाला' म्हटलं की कुणा चित्राच्या घरी गेल्यासारखं वाटतं. 'मित्राकडे' तर विचारूच नका. त्यावर उपाय म्हणून 'मंडळ' जोडलंत तर मित्रमंडळ होतं आणि हातात गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक येतं. अशा ठिकाणी मुक्कामाचं स्वतंत्र नाव ठेवा आणि ताऱ्याचं नाव फक्त दिशा सांगायला वापरा.

किती नावं पुरतात? ऐंशी हजार शब्दांच्या कादंबरीला नाव असलेली पंचवीस-तीस माणसं, त्यातली आठ-दहा पुन्हापुन्हा येणारी, सहा-सात जहाजं, पाच-सहा जग. याहून जास्त असतील तर काहींना फक्त हुद्दा द्या. 'तांडेल' एवढंच नाव असलेलं पात्र शेवटपर्यंत लक्षात राहू शकतं. प्रत्येक नावासाठी वहीत एक ओळ: मूळ रूप, 'ला' लावलेलं रूप, लिंग, लघुरूप, आणि कोण हे नाव घेतो. ही वही तिसऱ्या प्रकरणाच्या आत बंद करा. उशिरा नाव बदलायचं तर संगणकावर शोधून बदलता येईल असं वाटतं, पण 'तोरे' शोधल्यावर 'तोऱ्याला', 'तोऱ्याच्या' सापडत नाहीत, आणि पुस्तक छापून आल्यावर एकशे चाळिसाव्या पानावर जुनं स्थानक तसंच फिरत असतं.

राहिली तुमची राजकन्या. झारा म्हणजे कढईतून बुंदी काढायचा. राज्याभिषेकाच्या प्रसंगात 'झाराच्या हाती सत्ता' हे वाक्य येणार, आणि वाचकाला तुपाचा वास येणार. 'झारीन' करा, किंवा नाव तसंच ठेवून तिला भटारखान्यातून वर आलेली राणी करा. मला दुसरं जास्त आवडेल.